वित्स्काच्या संडासातलं कॅलेंडर

आमच्या डच फ्रीसलँडमध्ये वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. त्यात वार नसतात, म्हणून एकच कॅलेंडर जन्मभर पुरतं. बाकीचे त्यात नुसती नावं लिहितात. माझी शेजारीण वित्स्का मात्र प्रत्येकाच्या चौकोनात त्याचं वर्षभराचं वागणं चिकटवते. बटण, तिकीट, चिंधी, काय हाती लागेल ते, आणि वर रंगाचा फटकारा. तीच तिची रोजनिशी आणि तीच तिची कला. म्हणून तिच्याकडे आलेला प्रत्येक जण आधी संडास गाठतो. गेल्या वर्षी मी तिथे हेरिंग माशाचा काटा होते. आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. स्वतःलाही ती सोडत नाही. कधी वाकडी टाचणी असते, कधी हातमोज्याचं फाटकं बोट.

तिच्या धाकट्या बहिणीचा, मिंकाचा चौकोन तेवढा काळाकुट्ट. आईच्या मयतीला मिंका चारचौघांत म्हणाली होती, "ताईची कला म्हणजे कचऱ्याचा डबा." तेव्हापासून दोघींचा अबोला. बाकी वित्स्का कुणाला घाबरत नाही, पण मिंकाचं नाव निघालं की उठून भांडी घासायला लागते.

यंदा वित्स्काच्या वाढदिवसाला आम्ही गोल करून बसलो होतो आणि दारात मिंका उभी. रिवाजाप्रमाणे तिने प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. वित्स्काच्या नवऱ्याचं, हार्मेनचं, बायकोबद्दल, माझं शेजारणीबद्दल. वित्स्काने तिच्या हातात केक ठेवला. मिंकाने कॉफी घेतली, मग दुसरी घेतली. आता ती संडासात जाणारच. तिचाही वाढदिवस याच महिन्यातला, म्हणजे आत पान उघडंच होतं. ते तिने पाहिलं की ती पुन्हा या घराची पायरी चढणार नव्हती.

"अजून कॉफी?" हार्मेनने विचारलं.

मी त्याला कोपर मारलं. "अरे, कशाला पाजतोस तिला?"

"मग काय, पाहुणीला कोरडी बसवू?"

या माणसाला काही सांगण्यात अर्थ नव्हता. मी संडासात शिरले, कडी लावली आणि मिंकाचा चौकोन नखाने खरवडू लागले. काळा पापुद्रा निघाला, खाली लाल लोकर. तिच्याखाली पुन्हा काळा. त्याखाली बर्फावर घसरणाऱ्या दोन पोरींचा फोटो. बोटभर जाड थर होता तो.

दार वाजलं. "आटप गं बाई," मिंका म्हणाली.

मी बाहेर आले. नखं काळी, तोंड पांढरंफटक. मिंका आत गेली, ती बराच वेळ आतच. बाहेर आली तेव्हा हातात कॅलेंडर होतं.

"मला काळं फासलंस, ताई?"

"दरवर्षी," वित्स्का म्हणाली.

"एकदा फासून भागलं नाही?"

"नाही ना भागत. तुझा वाढदिवस आला की तुझी आठवण येते, काहीतरी चिकटवते. मग राग येतो."

मिंकाने त्या जाड थरावरून बोट फिरवलं. मग तिने आपल्या कोटाचं बटण कचकन तोडलं. "हे यंदाचं. डिंक कुठंय?"

"संडासात. आणखी कुठे असणार?"

दोघी आत गेल्या आणि कडी लागली. आधी भांडण ऐकू आलं, मग आईचं नाव, मग हुंदके आणि त्यातच हसणं. बाहेर आम्ही सगळे हार्मेनची कॉफी पोटभर पिऊन, पायावर पाय घट्ट दाबून बसलो होतो. पण दार वाजवायला कोणी म्हणजे कोणी उठलं नाही.