ब्रेकच्या आठवड्यात

आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. बुलढाण्याकडच्या आमच्या गावातून मी जयपूरला आले ती बँकेतल्या एका साहेबांचं बाळ सांभाळायला. त्यांची बदली झाली तेव्हा बाळाच्या आईने, वहिनींनी, शेजारच्या सिस्टरजींकडे माझ्यासाठी शब्द टाकला. सिस्टरजी एका खासगी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डच्या इनचार्ज. त्यांनी मला तिथे आया म्हणून लावलं, आदर्श नगरात खोलीही बघून दिली. परक्या मुलखात एवढं कोण करतं?

काम दवाखान्यात, पण आम्ही माणसं ठेकेदाराची. पगार त्याच्याकडून, तोही त्याच्या सवडीने. आणि दर काही महिन्यांनी तो आठवडाभर घरी बसवायचा. त्याला ब्रेक म्हणायचे. नोकरी सलग दिसली तर उद्या आम्ही कायम करा म्हणू, म्हणून. ब्रेकमध्ये पगार बंद, हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नाही. तरी सगळ्या जणी घरच्या कपड्यांत यायच्या आणि फुकट राबायच्या. ही रीत मला चौमूंहून बसने येणाऱ्या भाभीने शिकवली. ती जुनी आया. "दिखती रह छोरी," ती म्हणायची, "नहीं तो तेरी जगह ठेकेदार की साली बैठी मिलेगी."

मीही गेले. एका आजींची चादर गोळा करताना आत राहिलेली सुई माझ्या बोटात गेली. ड्युटीवर असं झालं की तपासणी, इंजेक्शन सगळं मोफत. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "आज तू ड्यूटी पर है ही नहीं. अंदर आई क्यों?"

खर्च सिस्टरजींनी स्वतःच्या पर्समधून केला. रिपोर्ट चांगला आला, पण मनातून एक जात नव्हतं. मला काही झालं असतं तर गावाकडे आईला कोणी आणि काय कळवलं असतं? ती त्या दिवशी आमच्या कामावर नव्हतीच, असंच ना?

पुढच्या ब्रेकला मी आले, पण गेटच्या आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसले. दिसत राहायचं तर इथून दिसते, म्हटलं.

भाभी हसली. "महारानी, चाय भिजवाऊँ?"

"भिजवा दो. अदरकवाली."

थोड्या वेळाने सिस्टरजी स्वतः बाहेर आल्या. वॉर्ड भरला होता. "चल, दो पेशंट को नहलाना है."

माझे पाय उठायला लागले होते. मी बाकाची कड धरून ठेवली. "सिस्टरजी, पहले मेरी हाजिरी चालू करवा दीजिए."

"मैंने रखवाया था तुझे," त्या म्हणाल्या. "मुझसे हिसाब करेगी?"

"आपसे नहीं, दीदी. ठेकेदार से."

त्या वळून आत गेल्या. मला तिथेच रडू फुटलं, पण मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसले, तिसऱ्या दिवशीही. रात्री खोलीवर गेलं की वाटायचं, गेली नोकरी. सकाळी केस विंचरून पुन्हा बाक.

आठवडा संपला त्या सकाळी सुपरवायझर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "लगा अंगूठा. पर नीचेवाले वॉर्ड में जाएगी. लेडीज़ में दूसरी रख ली." नोकरी राहिली, वॉर्ड गेला. खालच्या वॉर्डात पलंग जास्त, आया कमी, आणि वास तर विचारूच नका. मी पदर खोचला आणि जिना उतरले.

सिस्टरजी अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. समोर आल्या की मी आधी नमस्ते करते. त्यांचा राग मला समजतो. पण त्यांनीच मिळवून दिलेली नोकरी मी सांभाळतेय, आणि पुढच्या ब्रेकलाही मी बाहेरच बसणार आहे.