सातानं गुणायचं नाही

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाला सगळं घर मोठे बाबा म्हणायचं. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती: एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. लग्न असो, मयत असो, माणूस जवळ टेकला की ते हा आकडा काढत. "एक-चार-दोन-आठ-पाच-सात. दोनानं गुणा, दोन-आठ-पाच-सात-एक-चार. सहापर्यंत गुणत जा. आकडे तेच, नुसती जागा बदलते. एकेकाची पाळी येते पुढं यायची." मी चौथी शिकलेली. ऐकून ऐकूनच मला तो पाठ झाला.

"आपलं घर तसंच हाय," असं ते वर म्हणत. घरात माणसं सहा. ते, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे, माझा नवरा आणि मी. पाळी कोणाचीच आली नाही. पंगतीत पहिला पाट त्यांचा, भाजीतलं पहिलं वांगं त्यांचं. मी शेवटी, गार झालेलं जेवायची. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, सुनेनं बोलायचं नाही, ही आमची रीत. ती त्यांनी माझ्यापेक्षा जास्त सांभाळली.

माझी मुलगी झाली तेव्हा पाळण्यात वाकून म्हणाले, "सातवी आली. सातानं गुणलं का आकडा मोडते." मग चहा मागितला.

ती दहावी झाली. तिला खामगावला कॉलेजात जायचं होतं. मोठ्या बाबांनी बीबी गावचं स्थळ बोलावलं. पाहुण्यांपुढंही तेच पुराण. सहावर थांबले. मुलाच्या आजीनं विचारलं, "आन सातानं काऊन नाही?"

"मोडते तो. सातानं गुणायचंच नाही."

चहाचा ट्रे ठेवत मुलगी म्हणाली, "मोडत नाही, मोठे बाबा. मी गुणला. सहाच्या सहा नऊ येतात. सगळे सारखे. पुढचा कोण, मागचा कोण, कळतच नाही."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच.

"असली तोंडाळ पोरगी कोण नेते बे?" मोठे बाबा माझ्या नवऱ्याला म्हणाले. "धाड खामगावले. शिकू दे तिकडंच."

जन्मभर एकच आकडा गुणणाऱ्याला सातचं उत्तर माहीत नसेल, हे मला पटत नाही. माहीत असेल तर लबाड, नसेल तर भित्रे. त्यानंतर ते पाहुण्यांपुढं पाचवरच थांबायला लागले. आकडा मात्र चांगला होता. तांदूळ निवडताना मी अजून तो मनात गुणते.

या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीला लोक म्हणाले, काय डोकं होतं माणसाचं. मी ऐकत वाढत होते. घरची पंगत मागून बसली, तेव्हा त्यांच्या पाटावर कोणी बसेना. खामगावहून आलेल्या मुलीनं माझ्या हातातलं वरणाचं भांडं काढून घेतलं.

"आई, तू बस तिथं."

"अवं, ती त्याइची जागा हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"हाव, मोठी आई. तेच सांगत होते ना, एकेकाची पाळी येते म्हणून?"

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि पाट थोडा पुढं सरकवला. मी बसले. पहिलं वरण माझ्या ताटात पडलं. गरम होतं.