ओढ किती वाटते

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा मामा घरी असेल ना? मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. आवाज नीट येत होता. उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे मला बोलण्यापेक्षा लिहून सांगायला जमेल, आणि तुम्ही आता कॉलेजात जाणारी मुलं आहात.

तुमचा मामा मुंबईत नोकरीला असताना गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेला, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेलं आहे. मी त्याला घरी आणल्यावर दोनदा सुटलं, दोनदा परत सुरू झालं. तिसऱ्या वेळी त्याला रत्नागिरीबाहेर, सड्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. सडा म्हणजे नुसता कातळ आणि वारा. चार महिने तो तिथे होता. मी दर शनिवारी जात असे. जाताना काही वाटत नसे, येताना काही वाटत नसे. रिक्षावाला ठरलेला होता, तोही काही विचारत नसे.

केंद्रातून सोडण्याआधी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतात. त्यावर वीस-बावीस प्रसंग असतात. जुना मित्र रस्त्यात भेटला तर. झोप लागत नसेल तर. लग्नाच्या मांडवात. सगळं छान चाललेलं असताना. दर प्रसंगी नशा करण्याचं टेम्प्टेशन किती, ते शून्य ते चार या आकड्यांत लिहायचं. जिथे आकडा मोठा, तिथे त्या माणसाला लगेच पाठवायचं नाही, असा तिथला नियम. मामा घरी येणार की नाही, ते या कागदावर ठरणार होतं. मी त्याच्या खोलीला रंग लावून घेतला होता.

कागद इंग्रजीत होता. तिथल्या समुपदेशक कोल्हापूरकडच्या, तुमच्या आईपेक्षा लहान. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत. एवढं मराठीत करून द्याल?” मी दोन दिवसांत करून दिलं. समास सोडून, शाईने. टेम्प्टेशनला मी ‘मोह’ लिहिलं. शब्दकोशातही तेच आहे.

पुढच्या शनिवारी गेले तर सगळ्यांच्या कागदांवर शून्यच शून्य.

“सगळे एकदम संत झालेत, बाई,” समुपदेशक म्हणाल्या.

व्हरांड्यात पन्नाशीचे एक ट्रक ड्रायव्हर लसूण सोलत बसले होते. मी त्यांना विचारलं, शून्य कसं काय लिहिलंत?

“मोह व्हायला ती काय कुणाची सोन्याची साखळी आहे? मोह दुसऱ्याच्या वस्तूचा होतो. आम्ही गर्दुल्ले असू बाई, चोर नाय.”

शेजारी बसलेला दुसरा म्हणाला, “खोटं सांगतोय. ह्याला माझ्या ताटातल्या बांगड्याचा मोह होतो. त्याचे चार लिवा.”

चूक माझी होती. मोहात पापाचा वास आहे, आणि स्वतःच्या पापाला आकडा कोण लावून घेईल? मी तो शब्द सगळीकडे खोडला आणि ‘ओढ’ लिहिला. ओहोटीच्या पाण्याला ओढ असते, ती पोहणाऱ्याचं ऐकत नाही. इथल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. शब्द सापडल्यावर मला बरं वाटलं. त्या चार महिन्यांत बरं वाटल्याचं मला एवढंच आठवतं.

ड्रायव्हरांनाही तो पटला. “आता कसं! पण बाई, ओढ म्हणजे ओढायचीच ना?” असं म्हणून त्यांनी दोन बोटं ओठांशी नेली. सगळे हसले.

कागद पुन्हा भरले गेले. या वेळी आकडे आले. समुपदेशकांनी मामाचा कागद माझ्यापुढे ठेवला. जुना मित्र, दोन. झोप, दोन. लग्नाचा मांडव, एक. ‘घरच्या माणसांबरोबर असताना किती ओढ वाटते?’ याच्यासमोर चार.

मी लगेच म्हटलं, “हे त्याने वेगळ्या अर्थाने घेतलंय. घरची ओढ म्हणतो ना आपण, तसं. त्याला घरी यायचंय.”

“असेल. शब्द तुमचा आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला तसं धरून चालता येणार नाही. विचारावं लागेल.”

“मी विचारते.”

“विचारा. फक्त उत्तर तुम्ही पुरवू नका, बाई. शिक्षकांना सवय असते.”

मामा स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसला होता. मी कागद पुढे धरून म्हटलं, “हे चार म्हणजे घरची ओढ, ना रे?” म्हणजे उत्तर मी पुरवलंच.

त्याने कागद पाहिला. “हो म्हणू का, आई?”

“खरं काय ते सांग.”

“गर्दची.”

“घरात तसलं काय आहे? मी सगळं काढून टाकलंय. त्यावर गर्द ओढतात म्हणून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागदसुद्धा ठेवत नाही.”

“तू आहेस ना.” तो रागावलेला नव्हता. खडा काढून त्याने बाजूला टाकला. “मी शर्ट काढला की तू वास घेतेस. न्हाणीघरात गेलो की बाहेर उभी राहतेस. मग वाटतं, एकदा घेऊनच टाकावं. तुझं वाट बघणं तरी संपेल.”

“अरे, मी काळजीने...”

“ते माहीत आहे गं. म्हणून तर चार.”

मी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, अजून वेळ आहे. मी आत जाऊन समुपदेशकांना सांगितलं की शब्दात चूक नव्हती. हे वाक्य बोलताना मला काही त्रास झाला नाही. नंतर आम्ही दोघींनी चहा घेतला. त्यात साखर जास्त होती.

तो आता दापोलीजवळ एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधतो. तिथेच मागच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहतो. ते समुपदेशकांनीच ठरवून दिलं. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरायचा आहे. चाराचे तीन किंवा दोन झाले, तर घरचं बघू, असं त्या म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वी घडी घालताना मी माझंच धुतलेलं पोलकं नाकाशी धरलं होतं. म्हणजे माझ्या बाजूने अजून काही उतरलेलं नाही.

तर मे महिन्यात तुम्ही आणि तुमची आई मुरुडला उतरा. समुद्र आहे, आणि दापोली तिथून जवळ. रविवारी त्याला सुट्टी असते. मी येणार नाही. त्याने नको म्हटलेलं नाही, मी विचारलेलंही नाही.

एक करा. तो भेटला की त्याला निरखून बघू नका. डोळे नको, हात नको. तो कलमं दाखवील, ती बघा.