पत्र्यावरचे दोन ठोके

परदेशात, कोक्विटलाममधल्या आमच्या गल्लीत कुणीही गाडी मागे घ्यायला लागलं, की पिसाळकाका हातातला चहा कठड्यावर ठेवून धावत सुटायचे. गाडी कुणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. कुरियरवाला असो, समोरच्या कोरियन आजी असोत, नाहीतर दर बुधवारी येणारी कचऱ्याची अजस्र गाडी असो, काका तिच्या मागे पाय फाकून उभे राहत, दोन्ही हात छातीशी हलवत आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावं मारा... आनखी डावं... बास!" मग तळहाताने पत्र्यावर ठोका. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. मराठीचा गंधही नसलेली ही माणसं त्यांच्या हुकमावर गाड्या हाकत. कोरियन आजी तर पुढेपुढे काका दिसले नाहीत तर हॉर्न वाजवून त्यांना बोलावून घेत.

"काका, गाडीला कॅमेरा असतो आता," मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मी नुकतीच त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले होते, आणि न विचारता शहाणपणा शिकवायची खोड मला लहानपणापासून आहे.

"क्यामेरा काय हाय ते दावतो," काका म्हणाले. "किती हाय, ते मानूस सांगतो."

काका साताऱ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, गुळाच्या ढेपा वाहता वाहता ड्रायव्हर झाले, आणि तीस वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या ओळखीने इकडे येऊन लाकडाचे ट्रक चालवायला लागले. इथले सगळे त्यांना पंजाबी समजत. काकांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही, उलट पंजाबी शिकून घेतली. मंदाकाकू जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, नीलम, देशाच्या दुसऱ्या टोकाला व्हिटबीला. ती रोज फोनवर म्हणायची, "बाबा, आता इकडे या." आणि काका रोज म्हणायचे, "तिकडं सगळं सपाट हाय म्हनं. सपाट रस्त्यावर ड्रायव्हरला झोप लागती."

दर उन्हाळ्यात काका आपल्या पांढऱ्या आठ सीटच्या व्हॅनमधून ओळखीच्या मराठी मंडळींना कुठेतरी फिरवून आणत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ट्रकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे ते गावानेच हाक मारत. मी 'नागपूर'. देवेन, राधिका आणि त्यांची नऊ वर्षांची ईशा, हे तिघं मिळून एकच 'डोंबिवली'.

मी मात्र गाडी चालवत नव्हते. लायसन्स होतं. पण पहिल्याच विंटरमध्ये उतारावर बर्फावरून घसरत जाऊन मी एका घराची टपालपेटी, कुंपण आणि अंगणातला प्लॅस्टिकचा सांता असे तिन्ही आडवे केले होते, आणि तेव्हापासून दोन वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. हे काकांना कळलं त्या रविवारी सकाळी ते मला कम्युनिटी सेंटरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. दुधाचे रिकामे जग ओळीने उभे केले आणि म्हणाले, "फकस्त मागं घ्यायची."

"पुढे कधी?"

"पुढं जायला कुनालाबी येतं. मागं यायला येतंय का बघ आधी."

सहा रविवार मी फक्त मागे जात होते. जग पडायचे थांबले, पण हायवे म्हटलं की मी किल्ली काकांच्या हातात परत देई. काका म्हणत, "व्हईल. गाडी बी घाबरती, तिला बी सवय नसती तुझी."

त्या वर्षीच्या ट्रिपच्या आधी दोन आठवडे मी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. म्हणजे बसने आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, उजव्या बाजूची नजर कमी होत चालली आहे, पुढच्या महिन्यात पक्की तपासणी, आणि त्यात नापास झालात तर लायसन्स गेलं. लायसन्स गेलं म्हणजे या डोंगरावरच्या घरात एकट्याने राहणं गेलं, मग व्हिटबी. घरी दारात आल्यावर काका म्हणाले, "डोंबिवलीला सांगू नगंस. एवढी एक ट्रिप. उजवीकडचं तू बघ आन् मला सांग."

मी हो म्हणाले. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या वेळी माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

निघायच्या दिवशी काकांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. "व्हाय आर वी किलिंग लेमन्स?" ईशाने विचारलं. "नाहीतर मग लिंबू आपल्याला किल करतं," देवेनच्या वडिलांनी समजावलं. ते आणि देवेनची आई सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. असे आम्ही सात जण, राधिकाचा प्रेशर कुकर आणि तीन डबे चिवडा फ्रेझर कॅनियनच्या, म्हणजे नदीच्या खोल घळीच्या, दिशेने निघालो.

मी काकांच्या शेजारी. होप गावाच्या पुढे घाट सुरू झाल्यावर मी सारखी पुटपुटत होते, "उजवीकडे सायकलवाला... उजवीकडे बाई आणि कुत्रा... उजवीकडे मोठा दगड." मागून राधिका म्हणाली, "किती छान गाइड करतेस गं तू! पण नदी डावीकडे आहे ना?"

हळूहळू हिरवे डोंगर संपले आणि कॅश क्रीकच्या आसपास तर सगळंच बदललं. पिवळ्या-तांबूस उघड्या टेकड्या, करडी झुडपं, मातीचे उभे कडे आणि तळपतं ऊन. काकांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, एक झुडूप चुरगळून हुंगलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आरं, हे तर आमचं माण-खटाव! सात समुद्र वलांडून मानूस पुन्हा दुष्काळी भागातच आला की!" तिथे त्यांनी भाकरी, ठेचा आणि कांदा काढला. तो कांदा त्यांनी बुक्कीनेच फोडला. असल्या मुलखात सुरीने कांदा कापणं त्यांना पटेना.

संध्याकाळी मुक्कामाच्या रँचवर, म्हणजे घोड्या-गुरांच्या मोठ्या शेतावर, पोचलो. मालक वेन आणि त्याची बायको मार्ज, दोघंही सत्तरीचे आणि मोजकं बोलणारे. आम्हाला राहायला एक लाकडी बराक, समोर कुरणात घोडे. मार्जने मोठ्या प्रेमाने बीन्स आणि स्टेकचा बेत केला होता. त्यातल्या बीन्स खाऊन झाल्यावर देवेनची आई राधिकाच्या कानात म्हणाली, "आता जेवायचं काय?" राधिकाने अंगणातल्या गॅसवर कुकर चढवला.

पहिली शिट्टी झाली आणि रँचचा कुत्रा पलंगाखाली गेला. दुसरीला घोडे कुरणाच्या पार पलीकडच्या टोकाला. तिसरी होते न होते तोच वेन आग विझवायचं नळकांडं घेऊन एका पायात बूट घालून पळत आला. गॅसची टाकी फुटते आहे अशी त्याची खात्री झाली होती. राधिका थिजली. काकांनी मात्र शांतपणे हात वर केला. "नो प्रॉब्लेम, बॉस. वन मोर. रूल इज फोर."

वेन नळकांडं धरून चौथ्या शिट्टीची वाट बघत उभा राहिला. त्यानंतर त्याने खिचडीच्या तीन वाढण्या घेतल्या आणि मार्जसाठी कुकरचा फोटोही काढला.

खिचडीच्या जोरावर दोघांची गट्टी जमली. वेन गवताचा ट्रेलर कोठारात मागे लावायला निघाला तेव्हा काका साहजिकच मागे जाऊन उभे राहिले. पन्नास वर्षं ट्रेलर लावणारा माणूस तो. क्षणभर त्याने खिडकीतून मान काढून बघितलं, मग टोपी मागे सारून काकांच्या हाताकडे बघत गाडी घ्यायला लागला. "येऊ द्या, येऊ द्या..." काका रंगात आले होते. आणि ट्रेलरचा कोपरा काकांच्या उजव्या हाताच्या खांबाला कर्रकन घासला.

खांबाची एक ढलपी निघाली, इतकंच. वेन म्हणाला, "हॅपन्स." ईशा हसली. काकांचा हात ठोका मारायला वर गेला होता, तो तसाच खाली आला. नंतर उरलेल्या खिचडीचा आग्रह झाला, तरी त्यांनी ती घेतली नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेनने सांगितलेल्या वाटेने आम्ही नदीकडे निघालो. खाली मातीचे सुळके उभे आहेत, बघण्यासारखे आहेत, म्हणाला होता. रस्ता खडीचा, जेमतेम एका गाडीचा, आणि उजव्या हाताला सरळ खोल दरी. वळणांनी देवेनला गाडी लागली होती. 'ड्रायव्हिंग इज जस्ट कॉन्फिडन्स' असं आदल्या दिवशी मला सांगणारा माणूस मागच्या सीटवर पिशवी घेऊन आडवा पडला होता.

"उजवीकडे... कडा," मी म्हणाले. "काका, उजवीकडे कडाच आहे. सगळीकडे."

जरा रुंद जागा आली तशी काकांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही दरी मला दिसंना."

मग देवेनचे वडील हळूच म्हणाले, "म्हणजे काल सबंध दिवस...?"

"काल नागपूरनं बघितली," काका म्हणाले. "चुकलं माझं. तुमच्या जिवाशी खेळलो. हात जोडतो." त्यांनी खरोखरच हात जोडले. मग किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. "बस इकडं."

"मी? काका, देवेन..."

"त्याला आत्ता सरळ हुबं ऱ्हाता येईना. तू बस. मी हाय."

कशी बसले ते मला माहीत नाही. दोन वळणं उतरले असेन, आणि समोरून गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेला, मागे आणखी एक ट्रेलर जोडलेला ट्रक वर आला. तो मागे जाऊ शकत नव्हता हे मलाही दिसत होतं. मागे जायचं ते मीच, त्या रुंद जागेपर्यंत, चढावर, दरीच्या कडेने. काकांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि डोंगराच्या बाजूने चालत त्या रुंद जागेकडे पाठवलं. देवेनची आई जाता जाता मोठ्याने रामरक्षा म्हणत होती. काका गाडीच्या मागे गेले आणि दरी नजरेत यावी म्हणून मान पुरती उजवीकडे वळवून उभे राहिले. आरशात मला त्यांचे दोन हात दिसले.

"पार्किंगच हाय हे," ते ओरडले. "दुधाचं जग कडेला ठेवल्यात. येऊ द्या!"

मी ब्रेक सैल केला.

"येऊ द्या, येऊ द्या... जरा उजवं... सरळ करा... येऊ द्या..." चढावर उलटं चालताना शहात्तर वर्षांच्या त्या माणसाला धाप लागली होती, पण आवाज हलला नाही. एकदा चाकाखालची खडी दरीत घरंगळली आणि मी किंचाळले. "तिला जाऊ द्या," काका म्हणाले, "तुम्ही इकडं येऊ द्या." मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी दरीकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे तर नाहीच. फक्त ते हात बघत आले.

"बास!" पत्र्यावर एक ठोका. कालचा राहिलेला, त्यात धरून, चांगला दणदणीत. ट्रक बाजूने निघून गेला, त्याच्या ड्रायव्हरने काकांकडे बघून टोपीला दोन बोटं लावली. मग सगळे गाडीत चढले, काका शेजारच्या सीटवर येऊन बसले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा मारला. मी गाडी पुढे काढली. ते सुळके आम्ही पाहिले, कोक्विटलामपर्यंतची सगळी गाडी मीच चालवली आणि काका होपनंतर बिनघोर घोरत होते.

तपासणीची वाट काकांनी बघितलीच नाही. परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी चालवलेल्या व्हॅनमधून लायसन्स ऑफिसात गेले आणि लायसन्स काउंटरवर ठेवून आले. "हिसकावून घेऊ द्यायचं न्हाय," म्हणाले. "आपुन हातानं दिलं की मान ऱ्हातो." व्हॅन त्यांनी माझ्या नावावर केली. घर विकायला निघालं.

ऑक्टोबरमध्ये नीलम त्यांना न्यायला आली. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी काकांनी स्वतःच मागे उभं राहून लावून घेतला होता. एअरपोर्टला नीलमच भाड्याच्या गाडीने नेणार होती, कारण तिला वाटेत बाबांशी बोलायचं होतं. डोंबिवली मंडळी, कोरियन आजी, सगळे अंगणात जमले. काका पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, आणि नीलमने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. दोन फूट आली आणि काकांनी तिला थांबवलं. खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

"नागपूर, मागं कोन हाय गाडीच्या?"

कोणीच नव्हतं. मी धावत जाऊन रस्त्यावर उभी राहिले, पाय फाकून. घसा खाकरला. "येऊ द्या," मी म्हणाले. "मोठ्यानं!" आतून आवाज आला. मग मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या... डावं मारा... येऊ द्या..." गाडी सरळ रस्त्यावर आली. मी काकांच्या खिडकीशी गेले. आता दोन ठोके द्यायचे होते. मी हात उचलला आणि एकच दिला.

गाडी थांबली.

"अगं, दोन," काका म्हणाले. "एक म्हंजी थांब."

"माहितेय मला," मी म्हणाले.

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पत्र्यावरच्या माझ्या हातावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तो हात उचलून दुसरा ठोका त्यांनीच दिला.