झेंडा वहिनींनी धरला होता

मी सुलतानपूर सोडलं त्या सकाळी आमच्या कपाशीवर फवारणीचं विमान येणार होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कुठवर फवारायचं हे वैमानिकाला कळावं म्हणून शेताच्या टोकाला एकाने पांढरा झेंडा धरून उभं राहायचं असे. आमच्या शेतात ते काम माझं होतं. पण पुण्याला नकाशाकामाच्या कोर्सला दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, "जाय बे तू. झेंडा काय, कोनीबी धरन."

मेहकरच्या एसटीच्या खिडकीतून ते विमान दिसलं. पिवळं, कपाशीला टेकल्यासारखं चाललेलं. मग गाडी वळली.

पुण्यात 'मले' म्हटलं की पोरं हसत, म्हणून 'मला' म्हणायला शिकलो. कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. आधी भाड्याची खोली, मग फ्लॅट. तक्रार करावी असं काही घडलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर घालून दिला. घरबसल्या विमान उडवायचं. त्यात जगभरचे हौशी लोक स्वतः विमानं तयार करतात आणि फुकट वाटतात, हे कळल्यावर मीही शिकलो. पहिलं विमान ते पिवळंच केलं. नकाशांचा हात होताच. बाकीचं गंगूवहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या भावजयीला, फोनवर विचारून घेतलं. कारण त्या दिवशी दादा तापाने पडला होता आणि माझ्या जागी झेंडा घेऊन वहिनी उभ्या राहिल्या होत्या. अंगावर औषध पडलं. तीन दिवस डोळे चुरचुरत होते.

आमच्या या मंडळींत पैसे कोणी मागत नाही. विमानासोबतच्या माहितीत ज्याचं काम त्याचं नाव असावं, एवढीच अपेक्षा. माझं एक विमान कोणी माझं नाव गाळून पुन्हा वाटलं, तेव्हा मी आठवडाभर तणतणलो होतो. आणि पिवळ्या विमानाच्या माहितीत मी स्वतः लिहिलं होतं: 'तरुणपणी मी या विमानाखाली झेंडा धरून उभा होतो.' लोकांना विमानापेक्षा ते वाक्यच जास्त आवडलं. मग ते पुसवेना. वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

गेल्या पोळ्याला लॅपटॉप घेऊन गावी गेलो. वहिनींनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं आणि खोटं लिहिल्याचं सांगितलं.

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमी? तुमी तं यष्टीत होते, भाऊजी!"

"हो."

"मंग आतापावतर काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली, वहिनी."

त्यांचं हसू गेलं. "डोये माहे चुरचुरले, अन् नाव तुमचं झालं."

मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "चालवा बरं ते इमान."

मी चालवलं. शेताच्या टोकाला विमान वळलं तशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे चुकलं. वळताना तो फवारा बंद करे. नाई तं औषद विहिरीत पडन ना! खाली उभं राह्यल्याबिगर हे कसं समजन तुमाले?"

पुण्याला येऊन विमान दुरुस्त केलं, पुन्हा वाटलं. माहितीत पहिलीच ओळ आहे: 'झेंडा गंगूबाईंनी धरला होता, मी नाही.' गावातल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्या कितीतरी जणांना मी ती गोष्ट स्वतःची म्हणून ऐकवली आहे. तुम्हीही ती दुरुस्त करून घ्या.

पुण्यात माझं बरं चाललंय, इथून आता हलणार नाही. पण वहिनींचा फोन आला होता. पोळ्याला ऐकलेला इमानाचा आवाज खऱ्यासारखा नव्हता म्हणतात. "नीट करून या अन् आयकवा." संक्रांतीनंतर निघतोय. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच: तिथं माझी चूक धरायला कोणीतरी बसलेलं आहे, आणि ती ऐकायला मी आनंदाने जातो.