आप्पांचं विषुववृत्त

मे महिन्याच्या मध्याला लातूरहून नांदेडला हौसेनं कुणी जात नाही. ज्यांना जमतं ते उलटे इकडे येतात. मी गेले, कारण माझे वडील, आप्पा, विष्णुपुरीतल्या घराच्या गच्चीवर कूलर उघडून बसले असताना ऊन लागून पडले होते. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. डॉक्टरांनी बजावलं, की पाऊसकाळ येईपर्यंत यांना जरा थंड गावी हलवा आणि दिवसभर पाणी पाजत राहा.

आई नाही, मी एकुलती एक, म्हणजे थंड गाव म्हणजे लातूरचं माझं घर. अडचण पाण्याचीच होती. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरचं अन्न सोडाच, पाणीही घेत नाहीत. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि मला मूल नाही. आप्पा सणाला येत, दोन तास बसत, जावयाशी छान गप्पा मारत आणि कोरड्या घशानं परत जात.

अहमदपूर मागे पडलं की बालाघाटाचा माथा सुटतो आणि रस्ता गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. हा उतार डोळ्यांना फारसा दिसत नाही, अंगाला कळतो. लोहा गाव येईपर्यंत एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावायची सोय उरली नव्हती. माझ्या खिडकीची काच नेमकी अर्ध्यावर अडकलेली, ना वर ना खाली. शेजारी उमरीला निघालेली एक बाई होती. तिनं आपली दस्ती (रुमाल) ओली करून मला दिली आणि या दिवसांत तिकडं काय काढलंस म्हणून विचारलं. वडिलांना आणायला, म्हटल्यावर ती म्हणाली, की म्हातारी माणसं लेकीकडं येत नसतात. मी म्हटलं, बघू.

आप्पा बाजेवर बसले होते. चेहरा उतरलेला, पण जीभ शाबूत. जन्मभर कूलर दुरुस्त केलेला माणूस, उन्हावरच घर चाललेलं. ऊन आपल्याला काय करणार, असा त्यांचा तोरा. पिशवी भरा म्हटल्याबरोबर त्यांनी मला माझ्याच विषयात अडवलं.

"लातूर दक्षिणेला हाय. विषुववृत्तबी दक्षिणेला हाय. मंग ऊन कुठं जास्त? भूगोल तू शिकवतीस, तूच सांग."

निम्मा वर्ग हेच म्हणतो. मी खडू नसताना तास घेतला. दोन्ही गावांत अक्षांशाचा फरक एका अंशाचासुद्धा नाही. मे महिन्यात सूर्य विषुववृत्तावर नसतोच, तो आपल्या डोक्यावर येतो. आधी लातूरच्या, दोन-चार दिवसांनी नांदेडच्या, मग सरकत कर्कवृत्ताकडे जातो. या दिवसांत विषुववृत्तापेक्षा आपला दिवस मोठा, आणि आपल्यापेक्षा उत्तरेचा मोठा. म्हणून तर विषुववृत्तापासून इतक्या लांब असूनही दिल्लीकडचे लोक भाजून निघतात. लातूर आणि नांदेडला ऊन सारखंच मिळतं. फरक उंचीचा आहे. लातूर पठारावर बसलंय, नांदेड नदीच्या खोऱ्यात.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तुमच्या लातुरात नळाला पाणी कुठाय? हे मात्र खरं होतं. आमचा नळ कधी आठवड्यानं येतो, तर कधी त्याहून उशिरा. घरात माणसांपेक्षा पिंपं जास्त. पण विषुववृत्त काय नि नळ काय, नुसते बहाणे होते. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं.

मी बेजार झाले. शेवटी शेजारच्या काकांनी दम भरला, तेव्हा ते दोन दिवसांच्या बोलीवर तयार झाले. सकाळी पाहते तर पिशवीशेजारी पाण्याचा भलामोठा कॅन. नांदेडचं पाणी, लातूरला! मी काही बोलले नाही. बोलले असते तर पिशवीही परत आत गेली असती.

लोह्याच्या अलीकडे गतिरोधकावर एसटी उडाली, कॅन आडवा झाला आणि झाकण निघालं. पाणी सगळ्या सीटांखालून मागपर्यंत गेलं. कुणाचं गाठोडं भिजलं, कुणाच्या चपला. कंडक्टरनं आप्पांना चार शब्द ऐकवले आणि आप्पांनी ते मुकाट्यानं ऐकले. मला हसू येत होतं, आणि काळजीही लागली होती. आता हा माणूस पिणार काय?

अहमदपूरला गाडी बराच वेळ थांबली. आप्पांनी स्वतः पाण्याची बाटली विकत घेतली, वर दोघांसाठी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे) मागवली. ऐन दुपार होती. मी त्यांना बाहेर उभं करून सावली दाखवली. चपलांच्या बाहेर जेमतेम निघत होती.

"नांदेडातबी आत्ता अशीच असंल," ते म्हणाले.

तेच तर मी कालपासून सांगतेय, असं मी म्हटलं. वारं हितलं बरं हाय, एवढं त्यांनी कबूल केलं.

लातूरला पोचल्यावर आप्पा बॅग ठेवून लगेच फिरायला बाहेर पडले. जेवण, पाणी सगळं कोपऱ्यावरच्या हॉटेलात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा पाण्यासाठी उन्हात गेले आणि लालबुंद तोंडानं, दाराची चौकट धरून परत आले. पठार असलं तरी ऊन ते ऊनच. माझा तोल गेला.

"आप्पा, माझ्या घरच्या पाण्यात विष आहे का?"

ते खाली बसले. गुडघे चोळत म्हणाले,

"तसं न्हाई, माय. मी पाणी पिलो म्हंजे आता काय व्हत न्हाई, असं मीच ठरवल्यावानी व्हतं. तुझी आशा मी कशाला मोडू?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्यांना माझी लाज वाटते. या एका गोष्टीवरून मी त्यांच्यावर मनातून किती चिडले होते! मला रडू फुटलं.

"मी आशा कधीच सोडली, आप्पा. मी बरी आहे. मला आता फक्त तुम्ही पाहिजेत."

लातूर ते नांदेड, जाऊन-येऊन दोन दिवसांचा प्रवास. सूर्य, सावली, उंची, सगळं मी त्यांना समजावलं होतं. हे वाक्य मात्र पंधरा वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

आप्पांनी हात पुढे केला. मी तांब्या दिला. त्यांनी तो वर धरून घटाघट रिकामा केला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आजून दे. आन रातच्याला माझीबी भाकर टाक."