चार बोटं वर, दोन बोटं खाली

गॅरेजमधले किस्से म्हणजे डब्यातले जुने नट-बोल्ट. कामाचे नसतात, पण फेकवत नाहीत! राजुऱ्याला रफीकभाईंच्या शेडमध्ये मी गाड्यांची वायरिंग करायचो, तेव्हाचे माझ्याकडे डबाभर आहेत. कुठे स्प्रिंग करकरली की ती शेड आठवते आणि जीव तिकडेच ओढ घेतो.

*

शेडचं जुनं गिऱ्हाईक मिलिंदभाऊ, तो खाणीवर मशीनं भाड्यानं लावायचा. त्यानं मुंबईहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. हौस एकच, अहेरीला एकट्या राहणाऱ्या आईला तिच्यात बसवून फिरवायचं. आई काही अहेरी सोडून त्याच्याकडे यायची नाही.

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर अडकली. पानठेलेवाला म्हणाला, "भाऊ, गाडी आणली का घोरपड?"

*

मग मिलिंदभाऊनं वेगळं सस्पेन्शन मागवलं. स्प्रिंगखालची रिंग फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. चाक आणि मडगार्डमधली फट रफीकभाई बोटांनी मोजायचे. "तिकडून चार बोटं ठेव," मला म्हणाले आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसले.

त्यांची बोटं केळ्यांएवढी, माझी शेवग्याच्या शेंगा! गाडी माझ्या बाजूला कलली.

मिलिंदभाऊ ओरडला, "हे लंगडून काऊन राह्यली बे?"

त्या दिवसापासून शेडचा नियम झाला, चारही चाकांना एकाचीच बोटं.

*

शॉकअपला कडक-नरम करायचा खटका होता. आईसाठी रफीकभाईंनी एकदम नरम केला आणि टेस्टला मला बसवलं. गाडी अशी झुलली की गडचांदूर रोडवर मी खाल्लेला आलूपोहा बाहेर आला.

"आईले असं नेऊ का मी?" मिलिंदभाऊ भडकला.

"म्हणून तं आधी याले नेलं!" रफीकभाई म्हणाले.

*

खरी पंचाईत उंचीची होती. दोन बोटांवर ठेवली की गाडी झकास दिसायची, पण अहेरीचा रस्ता तिला जाऊ देत नसे. चार बोटांवर नेली की मिलिंदभाऊचं तोंड उतरायचं. "हे तं जीप दिसून राह्यली! आईले काय दाखवू?"

पुन्हा खाली. गाडी शेडमध्ये आणि हा रविवारी एसटीनं अहेरीला. जेवायचा आणि परतीची बस पकडायचा.

एकदा येऊन सांगू लागला, "आई मने, गाडी घेतली मनते, मंग कपड्याले एवढी धूळ कायची रे?" आम्ही हसलो. तोही हसला, पण बाहीवरची धूळ झटकत राहिला. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी रफीकभाईंचं डोकं फिरलं. "आईले गाडी दाखवाची हाय का फट?" म्हणत त्यांनी रिंगा पार वरपर्यंत नेल्या. मिलिंदभाऊ लाल गाडीत पुढे, आम्ही दोघं हत्यारं घेऊन जीपमध्ये मागे. कुठेही न अडकता अहेरीला पोचलो!

आईनं आम्हाला पाणी दिलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर हात फिरवला. मिलिंदभाऊनं तिला हात धरून आत बसवलं, शेजारी बसून इंजिन सुरू केलं.

"बोल आई, कुठी जायचं? आलापल्लीपर्यंत नेतो!"

आई म्हणाली, "कुठीच नोको. बंद कर ते. तू येते, जेवते, अन् एसटीच्या मांगं पळते. आज बस जरासा."